अंडी उलटताना

शनिवारच्या बाजारातून तीन आणले,
सिमेंटच्या पोत्यातून माना तेवढ्या बाहेर.
विकणारा म्हणाला, एक नर, दोन माद्या,
डोळे झाकून न्या.
डोळे झाकूनच आणले.
कडोलीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, काय हे?
मी म्हटलं, हंस.
मागच्या सीटवरची बाई म्हणाली, हेब्बातु.
त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.
तिकिटावर पक्ष्याचं नाव नसतं.

राखणीला बरे, म्हणून घेतले होते.
धामण दिसली की ओरडतात,
मीटरवाला आला तरी ओरडतात.
थोरल्यानं तर जावयाला दारातच मांडीला धरलं.
मलप्रभा म्हणाली, माणूस ओळखतोय की बरोबर.
त्या दिवसापासून थोरल्याचं नाव धनी.

पौषात अंडी सुरू झाली.
माझ्या मुठीत न मावणारी.
एकीनं स्वतःच्या छातीची पिसं उपटून
पिंजरात अंथरली आणि बसली,
धनी शेजारी मान आडवी करून उभा,
मलाही फिस्कारायचा.
एकतीस दिवस मोजले.
बत्तिसाव्या दिवशी वास आला.

सुळेभावीचा लगमाण्णा माग विणतो आणि ही पाखरं पाळतो.
त्यानं एकेकीला उलटं धरलं, शेपटीखाली अंगठा दाबला,
धन्यापाशी आल्यावर हसूच आवरेना त्याला.
गंडच इल्ला, म्हणाला.
तिन्ही बायकाच हायत की वो तुमच्याकडं.
मलप्रभानं धन्याकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
नाव मात्र बदललं नाही.

नर अर्धलीनं दिला त्यानं.
पिल्लं होतील त्यातली निम्मी त्याची.
आठ दिवस नुसता कोपऱ्यात.
पाणी पायजे त्यास्नी, लगमाण्णा फोनवर म्हणाला,
जमिनीवर लाजतंय ते.
परसात खड्डा काढला,
निवडणुकीचा जुना फ्लेक्स अंथरला,
हात जोडलेले चेहरे खालच्या अंगाला करून.
धुण्याचं, आंघोळीचं नको, चांगलं बोअरचं पाणी सोडलं.
दुसऱ्या सकाळी मलप्रभानं नातीला आत बोलावलं
आणि मागचं दार लावून घेतलं.

एकदा फसलेली मादी परत बसेना.
मग खुडूक कोंबडीखाली चार ठेवली.
कोंबडीला ती पेलत नाहीत, पायानं सरकतात, वळत नाहीत,
माणसानं उलटावी लागतात, दिवसातून तीनदा.
कळावं म्हणून गौतमीनं पेन्सिलीनं खूण केली:
एका अंगाला मराठीतला अ,
दुसऱ्या अंगाला शाळेतला, कन्नड.
तीनदाच का, आजोबा? चारदा का नको?
तीनदा उलटलं की रात्रीची बाजू रोज बदलती.
आज मराठीवर झोपली तर उद्या कन्नडवर.
एकाच कुशीवर राहिलं
तर आतलं कवचाला चिकटतंय.

शेवटच्या आठवड्यात कोमट पाणी शिंपडायचं.
पेन्सिल फिकी होत गेली, तिनं परत गिरवली.
रात्री टॉर्चवर अंडं धरायचं:
आधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा,
मग नुसता अंधार,
आणि अंधारात एक हालचाल,
झोपेत कुणी पांघरूण ओढावं तशी.

एकोणतिसाव्या रात्री टकटक.
भोक पडलं ते जाड टोकाला,
जिथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं.
हात लावायचा नाही, मी म्हटलं.
आणि रात्रभर माझाच हात दोनदा पुढं गेला,
दोन्ही वेळा मलप्रभानं मनगट धरलं.

चारातली तीन निघाली.
निम्मी म्हणजे किती, यावर फोनवर बराच वेळ गेला.
लगमाण्णा म्हणाला, दोन तुम्हीच ठेवा.
मी म्हटलं, नको, कष्ट तुझ्या नराचे.
शेवटी दोन त्याची ठरली.
न्यायला आला तेव्हा धन्यानं त्याला
गेटच्या आत पाऊल टाकू दिलं नाही,
धोतराचा सोगा फाटला.

म्हणून पुढच्या शनिवारी
मीच बुट्टीत घालून निघालो.
तोच कंडक्टर. बुट्टीवरचं फडकं उचललं त्यानं:
काय हे?
एकानं त्याच्या बोटाला चोच लावली.
मी म्हटलं, अजून कळायचंय.